खासगी मालकीच्या छोट्या विमानाचा विमा घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विम्यात नेमके काय असते?

विमापत्र एकच असले तरी त्यात दोन स्वतंत्र करार असतात. पहिला विमानाचा स्वतःचा, ज्याला हल विमा म्हणतात. विमान मोडले, जळाले, चोरीस गेले किंवा वादळात उलटले तर दुरुस्तीचा खर्च किंवा ठरलेली रक्कम यातून मिळते. दुसरा दायित्वाचा. विमानामुळे दुसऱ्या कोणाला इजा झाली, कोणाचा जीव गेला किंवा कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर मालकावर येणारी भरपाईची कायदेशीर जबाबदारी यात उचलली जाते.

हल विमाही सरसकट नसतो. केवळ उभ्या विमानाचा, जमिनीवर उभ्या व चालत्या विमानाचा, आणि उड्डाणासह सर्व स्थितींचा, असे त्याचे तीन प्रकार असतात. उड्डाणासाठी धाव सुरू केल्यापासून उतरल्यानंतरची धाव संपेपर्यंतचा काळ साधारणपणे ‘उड्डाण’ समजला जातो. त्यामुळे धावपट्टीकडे जाताना पंख खांबाला घासला तर ते नुकसान ‘चालत्या’ विमानाचे ठरते. ही व्याख्या आपल्या विमापत्रात कशी लिहिली आहे, हे पाहून घ्यावे.

असा विमा कायद्याने सक्तीचा असतो का?

ते देशावर अवलंबून आहे. युरोपीय संघात 2004 सालच्या 785 क्रमांकाच्या नियमानुसार दायित्वाचा विमा सक्तीचा असून त्याची किमान रक्कम विमानाच्या कमाल उड्डाण-वजनावर ठरते आणि ती एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विशेष उचल अधिकाराच्या एककात मोजली जाते. 500 किलोपेक्षा कमी वजनाच्या विमानाला त्रयस्थांच्या नुकसानीसाठी 7.5 लाख, 1000 किलोपेक्षा कमी असल्यास 15 लाख आणि 2700 किलोपेक्षा कमी असल्यास 30 लाख एसडीआर इतके किमान संरक्षण लागते. चार आसनी सेस्ना 172 या तिसऱ्या गटात मोडते. शिवाय 2700 किलोपर्यंतच्या विमानाच्या बिगर-व्यावसायिक उड्डाणासाठी प्रत्येक प्रवाशामागे किमान 1 लाख एसडीआर असावे लागतात. याउलट अमेरिकेत खासगी विमानाला विमा हवाच, असा संघराज्य पातळीवरचा नियम नाही. तेथे काही राज्यांचे स्वतःचे नियम आहेत.

कायदा गप्प असला तरी कर्ज देणारी बँक, हँगरचा (विमान ठेवण्याच्या शेडचा) मालक आणि कित्येक विमानतळ विम्याचा दाखला मागतातच. परदेशात विमान नेणाऱ्याला त्या देशाच्या किमान रकमा पाळाव्या लागतात, हेही ध्यानात असावे.

विमानाचे मूल्य किती लिहावे? कमी लिहिले तर हप्ता वाचेल ना?

हप्ता वाचेल, पण विमान जाऊ शकते. छोट्या विमानांचे हल विमे बहुधा ‘मान्य मूल्या’वर लिहिले जातात. म्हणजे विमान पूर्ण नष्ट झाले तर बाजारभावाची चर्चा न करता विमापत्रात लिहिलेली रक्कम मिळते. मात्र दुरुस्ती करायची की विमान नष्ट झाले असे मानून पैसे मोकळे करायचे, हा निर्णय बहुतेक विमापत्रांत कंपनीच्या हाती असतो, आणि कंपनी तो स्वतःचा हिशेब करूनच घेते.

समजा, बाजारात 80 लाखांना जाणारे विमान मालकाने हप्ता वाचवण्यासाठी 50 लाखांचे दाखवले. एके दिवशी चाके न उघडताच ते उतरले आणि दुरुस्तीचा अंदाज 40 लाखांचा निघाला. मालकाला वाटते, 40 म्हणजे 50 पेक्षा कमी, तेव्हा दुरुस्ती होईल. कंपनी वेगळा हिशेब करते: मोडके विमान आहे त्या स्थितीत 30 लाखांना विकले जाणार असेल, तर मालकाला 50 देऊन आणि अवशेष विकून तिला निव्वळ 20 लाखच खर्च येतो. ती 50 लाख देते आणि विमान घेऊन जाते. त्या पैशांत मालकाला पूर्वीसारखे विमान मिळत नाही.

मूल्य फुगवून लिहिणेही तितकेच अंगाशी येते. तेच विमान 120 लाखांचे दाखवले आणि दुरुस्तीचा खर्च 70 लाख आला, तर 120 लाख देण्यापेक्षा 70 लाख खर्चून दुरुस्ती करणे कंपनीला परवडते. एरवी भंगारात गेले असते असे विमान मग कित्येक महिने कारखान्यात पडून राहते आणि अखेर अपघाताचा इतिहास चिकटवून घेऊन परत येते. तसे विमान विकायला काढले की गिऱ्हाईक लॉगबुकातले, म्हणजे नोंदवहीतले, तेच पान आधी उघडते.

म्हणून आज तसेच विमान, तितक्याच तासांचे इंजिन आणि तशीच उपकरणे यांसह विकत घ्यायला जितके पैसे लागतील, तितके मूल्य लिहावे. नवी उपकरणे बसवली, इंजिनाची संपूर्ण पुनर्बांधणी झाली किंवा बाजार चढला, तर नूतनीकरणाची वाट न पाहता त्याच आठवड्यात मूल्य वाढवून घ्यावे. काही विमापत्रांत मान्य मूल्याऐवजी नुकसानीच्या वेळचा बाजारभाव दिला जातो. तेथे वाद घालायला जागा राहते, म्हणून शक्यतो मान्य मूल्याचा आग्रह धरावा.

दायित्वाची मर्यादा कशी वाचावी?

पहिल्या ओळीतील मोठा आकडा वाचून थांबू नये. त्याखाली बारीक अक्षरांत ‘प्रति प्रवासी’ अशी उपमर्यादा असते आणि बऱ्याचदा खरी मर्यादा तीच असते. एकूण मर्यादा 1 कोटी आणि प्रति प्रवासी 10 लाख असेल, तर तीन प्रवासी दगावल्यावर त्या तिघांच्या कुटुंबांना मिळून जास्तीत जास्त 30 लाख मिळतील. उरलेले 70 लाख विमानाबाहेरच्या लोकांसाठी आणि मालमत्तेसाठी आहेत. प्रवाशांच्या कुटुंबांना त्यांतला एक पैसाही मिळणार नाही. छोट्या विमानाच्या अपघातात सर्वांत मोठा दावा शेजारच्या आसनावर बसलेल्या माणसाच्या घरच्यांकडून येण्याचा संभव असतो, आणि नेमकी तिथेच मर्यादा आखडती घेतलेली असते.

‘प्रति प्रवासी’ऐवजी ‘प्रति व्यक्ती’ असे लिहिले असेल तर उपमर्यादा जमिनीवरच्या माणसांनाही लागू होते. म्हणजे स्वस्त वाटणारे विमापत्र आणखीच तोकडे निघते. उपमर्यादा नसलेली सलग मर्यादा मिळत असेल आणि हप्त्याचा भार सोसवत असेल, तर ती घ्यावी. एकूण रक्कम थोडी कमी पण सलग, हा सौदा मोठ्या पण कापलेल्या रकमेपेक्षा अनेकदा चांगला असतो.

याखेरीज दोन गोष्टी तपासाव्यात. वकिलांचा खर्च मर्यादेच्या आत धरला आहे की तिच्याबाहेर, ही पहिली. आत धरला असेल तर खटला लांबेल तशी भरपाईची रक्कम आटत जाते. आणि मालकाच्या स्वतःच्या घरातील माणसे प्रवासी असतील तर त्यांच्या दाव्यांवर काही बंधन आहे का, ही दुसरी. काही विमापत्रांत असे बंधन असते, आणि खासगी विमानात बसतात ती बहुतेकदा घरचीच माणसे असतात.

‘वैमानिकाचे कलम’ म्हणजे काय?

विमान कोणी चालवले असता विमा लागू राहील, हे सांगणारे कलम. विमा घेणारे बहुतेक जण हप्त्याचा आकडा आधी वाचतात आणि हे कलम वाचतच नाहीत. आमच्या मते क्रम उलटा हवा. विमापत्रावर नोंदणी क्रमांक विमानाचा असतो, पण कंपनी जो धोका पत्करते तो बव्हंशी वैमानिकाचा असतो.

या कलमात दोन प्रकारची माणसे असतात. नावानिशी लिहिलेले वैमानिक हा पहिला प्रकार. दुसरा ‘खुल्या’ वैमानिकांचा: ठरावीक परवाना, एकूण इतके तास, त्या प्रकारच्या विमानावर इतके तास आणि चाके आत घेता येणाऱ्या विमानावर इतके तास, या अटी पुऱ्या करणारा कोणीही. नावानिशी लिहिलेल्या वैमानिकाला तासांची अट बहुधा नसते, पण परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ठरावीक काळाने द्यावयाची उड्डाण-परीक्षा या तिन्ही गोष्टी उड्डाणाच्या दिवशी चालू असाव्या लागतात. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत परवा संपली आणि आज पक्षी आदळून विमान पडले, तर पक्ष्याचा आणि प्रमाणपत्राचा संबंध काय, असा प्रश्न मालक विचारील. अनेक ठिकाणी त्या प्रश्नाचा उपयोग होत नाही, कारण अट मोडली की संरक्षणच लागू होत नाही. काही देशांचे कायदे विमाधारकाच्या बाजूने झुकतात. ऑस्ट्रेलियाच्या 1984 सालच्या विमा करार कायद्याच्या 54 व्या कलमानुसार नुकसानीशी ज्याचा संबंध नाही अशा चुकीवरून दावा सहसा फेटाळता येत नाही. पण कोर्टात जाऊन जिंकण्याजोगा मुद्दा हातात असण्यापेक्षा तारीख वहीत लिहून ठेवणे स्वस्त पडते.

नवख्या प्रकारचे विमान घेणाऱ्याला कंपनी बहुधा प्रशिक्षणाची अट घालते: प्रशिक्षकासोबत इतके तास, त्यानंतर एकट्याने इतके तास, आणि मगच प्रवासी. यात एक खोच आहे. प्रशिक्षकाचेही त्या प्रकारच्या विमानावर पुरेसे तास असावे लागतात आणि तो कंपनीच्या अटींत बसावा लागतो. ओळखीचा, अनुभवी, पण या विमानावर कधीच न बसलेला प्रशिक्षक घेऊन पूर्ण केलेले तास कंपनी मोजणार नाही. इतकेच नव्हे, त्या तासांत काही घडले तर विमाही हात वर करू शकतो. प्रशिक्षकाचे नाव आधी कळवून लेखी होकार घ्यावा.

जाता जाता एक साधी सूचना: वैमानिकाची लॉगबुके विमानात ठेवू नयेत. अनुभवाचा पुरावा विमानासोबत जळून गेल्यावर तो अनुभव होता हे सिद्ध करणे फार जड जाते.

माझा मित्र खुल्या वैमानिकाच्या अटींत बसतो. त्याने विमान नेले तर तो सुरक्षित आहे ना?

तुम्ही सुरक्षित आहात. तो असेलच असे नाही. खुल्या वैमानिकाचे कलम मालकाचे संरक्षण टिकवण्यासाठी असते. मित्राच्या हातून विमान मोडले तर कंपनी तुम्हाला पैसे देते आणि त्यानंतर, तुमच्या जागी उभी राहून, तीच रक्कम मित्राकडून वसूल करण्यासाठी दावा लावू शकते. नाव विमापत्रात आहे एवढ्यानेही हा हक्क संपत नाही. मित्राला ‘अतिरिक्त विमाधारक’ म्हणून जोडून घेणे आणि कंपनीने त्याच्याविरुद्धचा वसुलीचा हक्क सोडल्याचे लेखी घेणे, हा एक मार्ग; दुसऱ्याचे विमान चालवणाऱ्यांसाठी मिळणारे स्वतंत्र विमापत्र त्याने घेणे, हा दुसरा. नियमित प्रशिक्षकालाही हेच लागू आहे.

माझ्या ओळखीच्या माणसाचा हप्ता कमी आहे आणि माझा जास्त. असे का?

पहिले कारण विमानाचा प्रकार. सेस्ना 172 चे उत्पादन 1956 पासून होत आले आहे आणि अशी 44,000 हून अधिक विमाने बनली आहेत. भाग मिळतात, दुरुस्ती करणारे मिळतात, चाके कायम बाहेरच असतात आणि विमान वैमानिकाच्या बऱ्याच चुका पोटात घालते. याउलट चाके आत घेता येणाऱ्या विमानाचा वैमानिक ती उघडायला विसरू शकतो, आणि तसे उतरताना प्रोपेलर जमिनीला लागला की केवळ प्रोपेलर बदलून भागत नाही. इंजिन उघडून तपासावे लागते. शेपटीखाली चाक असलेली विमाने उतरताना गिरकी घेण्याकडे झुकतात. दोन इंजिनांची आणि पाण्यावर उतरणारी विमाने याहूनही महाग पडतात.

वैमानिकाच्या बाजूने पाहिले तर एकूण तासांपेक्षा त्याच प्रकारच्या विमानावरचे आणि गेल्या वर्षभरातले तास जास्त बोलतात. उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची पात्रता असली तर बहुधा सवलत मिळते. पूर्वीचे दावे अर्थातच नडतात. वय हा नाजूक विषय आहे: सत्तरीनंतर नवी कंपनी मिळणे कठीण होत जाते, आणि म्हणून त्या वयाच्या आसपास केवळ थोड्या बचतीसाठी जुनी कंपनी सोडू नये. विमान हँगरमध्ये राहते की उघड्यावर बांधलेले असते, धावपट्टी डांबरी आहे की गवताची, यांनाही वजन असते.

चार दलालांकडून दर मागवले तर चांगला सौदा मिळेल का?

मोटारीच्या विम्यात मिळेल. येथे उलटा परिणाम होण्याची शक्यता जास्त. विमानांचे विमे लिहिणाऱ्या कंपन्या मोजक्या असतात, आणि अनेक बाजारांत एका विमानासाठी ज्या दलालाचा अर्ज आधी पोहोचेल त्यालाच कंपनी दर देते. दुसऱ्या दलालाला तिथे दार बंद असते. चार दलालांनी अर्ज वाटून टाकले, की कोणाच्याच हातात सगळे दर येत नाहीत, आणि तासांचे आकडे अर्जागणिक बदललेले दिसले तर अंडररायटरच्या, म्हणजे धोका तोलून दर ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाच्या, मनात शंका शिरते. विमान-विम्यातच काम करणारा एक दलाल निवडून त्याला सर्व कंपन्यांकडे जायला सांगावे आणि कोणाकोणाकडे गेला, कोणी काय उत्तर दिले, याची यादी मागावी. जी कंपनी दलालांमार्फत काम करत नाही तिच्याकडे थेट विचारणा करता येते. दलाल बदलायचाच असेल तर नव्या दलालाच्या नियुक्तीचे पत्र कंपनीला देऊन तो बदलावा.

अर्जात तास फुगवून लिहू नयेत. दाव्याच्या वेळी लॉगबुक मागितले जाते, आणि महत्त्वाची बाब खोटी निघाली तर संपूर्ण विमापत्र रद्दबातल ठरू शकते. नूतनीकरणाची तयारी मुदत संपण्याच्या दीड-दोन महिने आधी सुरू करावी.

कोणत्या गोष्टी विम्यातून वगळलेल्या असतात?

झीज, गंज आणि यांत्रिक बिघाड. इंजिन आतून बिघडले तर ते इंजिन मालकाचे. त्यामुळे शेतात उतरावे लागून पंख मोडला, तर पंख विम्याचा. ही सीमारेषा पुष्कळांना ऐन वेळी कळते. युद्ध, विमान-अपहरण आणि घातपात यांची वगळणूकही सर्रास असते. लंडनच्या बाजारात ती एव्हीएन 48बी या कलमाने ओळखली जाते आणि जादा हप्ता भरून तिचा काही भाग परत विकत घेता येतो. विमापत्रात दिलेल्या भौगोलिक सीमेबाहेरचे उड्डाण, विमानाचे उड्डाणयोग्यता-प्रमाणपत्र चालू नसताना केलेले उड्डाण आणि जाहीर केलेल्या उपयोगाबाहेरचे उड्डाण यांनाही संरक्षण नसते.

मित्रांकडून इंधनाचे पैसे घेतले तर चालते का?

खर्च वाटून घेणे आणि भाडे घेणे यांत फरक आहे, आणि तो फरक दोन ठिकाणी तपासावा लागतो: देशाच्या हवाई नियमांत आणि विमापत्रातील ‘उपयोग’ या व्याख्येत. एका ठिकाणी परवानगी असून दुसरीकडे नसू शकते. विमान भाड्याने देणे, त्यावर इतरांना शिकवणे किंवा पैसे घेऊन फेरफटका मारून आणणे हे खासगी उपयोगात बसत नाही, असे गृहीत धरावे.

विमान दोघा-तिघांच्या मालकीचे किंवा कर्जावर असेल तर?

प्रत्येक सहमालकाचे नाव विमाधारक म्हणून आणि चालवणार असल्यास वैमानिक म्हणूनही असावे. विमान मालकांनी काढलेल्या एखाद्या कंपनीच्या नावावर असेल तर ती कंपनी आणि तिच्यामागची माणसे, दोन्ही. कर्ज देणारी बँक आणखी एक जोडपत्र मागते: मालकाने अट मोडल्यामुळे त्याचा दावा फेटाळला गेला तरी बँकेचे उरलेले कर्ज फिटावे, यासाठीचे. यात बँक वाचते. विमा कंपनी ती रक्कम पुढे मालकाकडून वसूल करू शकते.

नवीन घेतलेले विमान आणायला जाताना विमा केव्हा सुरू व्हायला हवा?

मालकी हस्तांतरित होण्याच्या क्षणी. विक्रेत्याचा विमा तुमच्यासाठी नसतो. विमान आणणारा वैमानिक दुसरा कोणी असेल तर त्याचे नावही आधी मंजूर करून घ्यावे.

काही महिने उड्डाणच करणार नसेन तर?

विमा बंद करू नये. आग, वादळ आणि चोरी उभ्या विमानालाही गाठतात. केवळ जमिनीवरच्या धोक्यांचे संरक्षण ठेवून हप्ता कमी करता येतो, आणि काही कंपन्या सलग ठरावीक दिवस विमान उभे राहिल्यास हप्त्याचा काही भाग परत करतात. मात्र पुन्हा उडण्यापूर्वी पूर्ण संरक्षण सुरू झाल्याचे लेखी हाती असावे.

स्वतः बांधलेल्या विमानाला विमा मिळतो का?

मिळतो, पण सुरुवातीच्या चाचणी-उड्डाणांपुरता हल विमा नाकारला जाऊ शकतो किंवा त्यासाठी प्रशिक्षणाच्या कडक अटी घातल्या जातात. बांधकाम चालू असतानाच्या काळासाठी वेगळा विमा असतो. मूल्य ठरवताना सुट्या भागांची बिले जपून ठेवावीत; स्वतःच्या श्रमांचे तास कंपनी क्वचितच धरते.

अपघात झाल्यावर काय करावे?

जखमींची व्यवस्था लावल्यावर कंपनीला किंवा दलालाला ताबडतोब कळवावे. अपघात-चौकशी यंत्रणेची परवानगी मिळेपर्यंत अवशेष हलवू नयेत; मात्र परवानगी मिळताच पाऊस आणि चोरी यांपासून विमान सांभाळणे ही मालकाची जबाबदारी असते, आणि त्यासाठी झालेल्या वाजवी खर्चाच्या पावत्या ठेवाव्यात. चूक कोणाची याबद्दल त्रयस्थांशी बोलू नये, भरपाईचे वचन देऊ नये. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये.

माझा आयुर्विमा आहे. तो अशा वेळी उपयोगी पडेल का?

तो कागद आजच काढून वाचावा. प्रवासी विमानातून तिकीट काढून जाणाऱ्याला आयुर्विमा लागू असतो, पण स्वतः विमान चालवताना आलेला मृत्यू अनेक विमापत्रांत वगळलेला असतो किंवा त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. विमानाच्या दायित्व-विम्यातून वैमानिकाच्या स्वतःच्या मृत्यूची भरपाई मिळत नाही, त्यामुळे आयुर्विम्यातही वगळणूक असेल तर वैमानिकासाठी अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो विमान-विम्याच्या दलालाकडेच मिळू शकतो.